चार वस्तादांचा एक शिष्य

वेळापत्रक तयार करणे हा आमचा फार जुना छंद आहे. शाळा उघडण्यापूर्वी आठ दिवस मुख्याध्यापक आम्हांला बोलावून घेतात, चौकटी आखलेला एक भला मोठा कागद पुढे टाकतात आणि चहा मागवून निघून जातात. मग आम्ही आणि तो कागद! गणिताचा तास मधल्या सुटीनंतर लगेच येऊ नये, चित्रकलेच्या शिक्षकांना एकाच वेळी दोन वर्गांवर जावे लागू नये, कानडीचा आणि हिंदीचा तास पाठोपाठ पडून मुलांच्या जिभेची गफलत होऊ नये, अशा शंभर अटी सांभाळून शेवटची चौकट भरली की आम्हांला एखादे महाकाव्य पूर्ण केल्याचा आनंद होतो. या छंदापायी आमच्या मनात एक समजूत मात्र घर करून बसली होती. जे जे कागदावर मावते ते ते आठवड्यातही मावते, अशी ती समजूत. तिची किंमत आम्हांला पुढे आमच्या कमरेने मोजावी लागली. ती हकीकत विद्यार्थिमित्रांना सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू दुबळी झाली. जीव बचावला, वाचा परत आली, काठीच्या आधाराने घरातल्या घरात हिंडणेही साधले. पण जून महिन्यातल्या एका सकाळी, बाहेर बेळगावचा पाऊस संततधार लागलेला असताना, ते न्हाणीघराच्या दारात घसरून खाली बसले. आम्ही धावलो. त्यांचे वजन चौसष्ट किलो. आमचे वय पस्तीस, अंगात म्हणायला कोणताही रोग नाही. पण खडू, फळा आणि खुर्ची यांच्या संगतीत तेरा वर्षे घालवलेल्या आमच्या देहाला चौसष्ट किलो म्हणजे काय, याची कल्पनाच नव्हती. आम्ही घाईघाईने त्यांचा हात धरून ओढले. नेमका तो डावा हात होता. "सवकास, पुता, सवकास!" असे ते आमच्या घरच्या कोंकणीत कळवळून म्हणाले; पण घाबरलेल्या माणसाला कान नसतात. अखेर शेजारचे दोन तरुण आले, त्यांनी बाबांना उचलून पलंगावर नेले. पुढे महिनाभर त्यांचा डावा खांदा दुखत होता. त्या दुखण्याचे कारण आम्ही होतो, हे घरात कोणी बोलून दाखवले नाही. न बोलण्यानेच ते आम्हांला अधिक लागले.

त्याच आठवड्यात आम्ही व्यायामशाळेत नाव घातले.

आरंभी आमचे गुरू होते आमच्याच शाळेचे क्रीडाशिक्षक. त्यांनी दिलेला क्रम इतका साधा होता की, आम्हांला तो थोडासा अपमानास्पदच वाटला. आठवड्यातून तीन दिवस जायचे. खांद्यावर बार घेऊन बैठका, बाकावर उताणे पडून बार वर ढकलणे आणि वाकून बार पोटाकडे ओढणे, असे तीनच प्रकार. प्रत्येकाचे पाच सेट, प्रत्येक सेटमध्ये पाच वेळा. "पाच पाचे पंचवीस, मास्तर! यात पाठ करण्यासारखे काही नाही," असे म्हणून ते हसले. हा पाच-पाचांचा क्रम इंग्लंडच्या रेग पार्क या विख्यात शरीरसौष्ठवपटूने १९६० च्या सुमारास लोकप्रिय केला आणि पुढे १९७६ मध्ये बिल स्टार या अमेरिकन प्रशिक्षकाने आपल्या ग्रंथात त्याची फुटबॉलपटूंसाठी नीट मांडणी केली, ही माहितीही त्यांनीच पुरवली.

बैठकांचा आरंभ नुसत्या बारने झाला. त्या रिकाम्या बारचेच वजन वीस किलो असते, हे आम्हांला तेव्हा कळले. दर खेपेस अडीच किलो वाढवायचे, एवढाच नियम. चार आठवड्यांत बारा खेपा झाल्या आणि बाराव्या खेपेस आमच्या खांद्यावर साडेसत्तेचाळीस किलो होते. कलाशाखेच्या पदवीधराला एवढे गणित सहज जमते. वीस किलोंचे महिन्यात साडेसत्तेचाळीस झाले, तर दिवाळीपर्यंत किती होतील, याचा हिशेब आम्ही वर्गात परीक्षेची देखरेख करताना एका कागदावर मांडला आणि उत्तर पाहून स्वतःवरच खूश झालो. नवशिक्याचे बळ पहिल्या काही आठवड्यांत जे वाढते त्यात स्नायूंच्या वाढीचा भाग थोडा असतो. मज्जातंतू असलेल्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावू लागतात, म्हणून ती वाढ झपाट्याने दिसते. हे आम्हांला पुढे समजले. त्या वेळी मात्र ते सारे आमचे कर्तृत्व होते!

यश मिळू लागले की माणसाला गुरू कमी पडू लागतात. आमचेही तसेच झाले.

दुसरे गुरू भेटले शहापुराकडच्या एका तालमीत. वस्तादांचे वय सत्तरीच्या पुढे. पण पाठ अशी ताठ की, त्यांच्यापुढे आम्हीच वृद्ध दिसावे. त्यांनी आमच्या दंडांकडे पाहिले आणि काही न बोलता मान हलवली. नंतर म्हणाले, "लोखंड उचला हो, पण आधी स्वतःचं अंग उचला. रोज शंभर बैठका, पन्नास जोर, मग जोडी फिरवा." त्यांच्या या उपदेशाला आमच्या शाळेच्या ग्रंथालयानेही दुजोरा दिला. बडोद्यास तयार झालेल्या व्यायामज्ञानकोशाचा एक जीर्ण खंड तेथे आहे. त्यातली जोर-बैठकांची चित्रे पाहून आमचा स्वदेशाभिमान जागा झाला आणि शंभर बैठका आम्ही स्वीकारल्या.

तिसरा गुरू आमचाच एक माजी विद्यार्थी. इतिहासाच्या पेपरात त्याला आम्ही दोनदा नापास केले होते. व्यायामशाळेत मात्र तो प्राध्यापक आणि आम्ही विद्यार्थी! त्याचा पंथ शरीरसौष्ठवाचा. आज छाती, उद्या पाठ, परवा पाय, तेरवा खांदे, अशी देहाची वाटणी करून प्रत्येक भागाला आठवड्यातून एक संपूर्ण दिवस द्यायचा, त्या दिवशी चार-पाच प्रकारांनी त्या भागाला पुरते थकवायचे, सेट मोठे आणि वजन मध्यम. "सर, पाच पाचने बळ येतं, पण शर्टाची बाही त्यानं भरत नाही," असे तो मोठ्या नम्रतेने म्हणाला. बाही भरावी अशी इच्छा आमच्या मनात नव्हती, असे लिहिले तर ते असत्य होईल.

चौथे गुरू पुस्तकातले. बल्गेरियाचे भारोत्तोलन-प्रशिक्षक इव्हान अबाजिएव यांच्याविषयी आम्ही वाचले. त्यांच्या शिष्यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवून जगाला चकित केले होते. त्यांची रीत विलक्षण होती. व्यायामप्रकार अगदी मोजके. पण ते जवळजवळ रोज, दिवसातून अनेक वेळा आणि त्या दिवशी पेलेल तेवढ्या जास्तीत जास्त वजनापर्यंत. ते वाचून आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. रोज उच्चांक! जगज्जेत्यांना जे पचले त्याचा एक घास आपल्यालाही पचेल, असे आम्हांला वाटले.

आता चार गुरूंपैकी कोणाला सोडावे? चौघेही आपापल्या जागी थोर. एकालाही दुखवणे आमच्या स्वभावात नाही. शिवाय बाबांचा तो दुखरा खांदा रोज डोळ्यांसमोर होता आणि पुन्हा ते कधी पडतील याचा नेम नव्हता. म्हणजे बळ हवे ते लवकर हवे होते. एका मार्गाने एक कोस जाता येत असेल तर चार मार्गांनी चार कोस का जाऊ नये? एका रविवारी आम्ही चौकटींचा मोठा कागद घेतला, तांबडी, निळी, हिरवी आणि काळी अशा चार शाया घेतल्या आणि चारही क्रमांचे एक संयुक्त वेळापत्रक सिद्ध केले. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाच-पाचांचा क्रम. रोज पहाटे वस्तादांच्या शंभर बैठका. सायंकाळी माजी विद्यार्थ्याची अवयवांची वाटणी. आणि रविवार सोडून रोज बैठकांचा बल्गेरियन उच्चांक. एकही चौकट रिकामी नव्हती, एकही तास दुसऱ्यावर चढला नव्हता. आमच्या आयुष्यात इतके निर्दोष वेळापत्रक आम्ही केले नव्हते.

त्या कागदावर काय चुकले होते, हे आज आम्ही फळ्यावर लिहून दाखवू शकतो. तांबड्या शाईतल्या बैठका आठवड्यात तीन वेळा पंचवीस, म्हणजे पंचाहत्तर. काळ्या शाईतला रोजचा उच्चांक गाठायला चढत्या वजनाने दहा बैठका, सहा दिवसांच्या साठ. हिरव्या शाईतल्या 'पायांच्या दिवशी' बाराचे चार सेट, म्हणजे अठ्ठेचाळीस. बार खांद्यावर घेऊन एकूण एकशे त्र्याऐंशी बैठका, आणि त्याखेरीज निळ्या शाईतल्या बिनवजनाच्या सातशे! चार शायांत लिहिल्यामुळे त्या चार निरनिराळ्या गोष्टी दिसत होत्या. गुडघ्यांना आणि कमरेला शाईचा रंग दिसत नाही. त्यांच्या लेखी ती एकच बैठक होती आणि ती पंचाहत्तर वेळा करून जो माणूस महिनाभर सुखाने वाढला होता, त्याच्यावर आता अडीचपट भार आणि वर सातशेचे व्याज लादले गेले होते.

पहिले दोन आठवडे उत्साहावर निभावले. बैठकांचा आकडा साठ किलोंवर गेला आणि आम्ही विजयी मुद्रेने घरी आलो. तिसऱ्या आठवड्यात झोप मोडू लागली. चौथ्या आठवड्यात जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले आणि वर्गात आमचा आवाज नेहमीपेक्षा चढू लागला. एका गरीब मुलाला शाईची दौत सांडल्याबद्दल आम्ही जे बोललो ते आठवले की अजून लाज वाटते. बार साठवरून सत्तावन्नावर, मग साडेबावन्नावर उतरला. येथे शहाण्याने थांबायचे. आम्ही मात्र वेळापत्रक पाळणारे! वजन उतरते आहे याचा अर्थ मेहनत कमी पडते आहे, असा निष्कर्ष काढून आम्ही हिरव्या शाईत आणखी एक प्रकार वाढवला.

पाचव्या आठवड्यात, चतुर्थीला चार दिवस उरले असताना, जमिनीवरचा बार उचलताना कमरेत काहीतरी सरकन ओढले गेले आणि आम्ही होतो तेथेच गुडघ्यांवर बसलो. तो बार काही फार जड नव्हता. आम्हीच फार थकलेले होतो.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की, मणक्याला इजा नाही, स्नायू ताणला गेला आहे. अंथरुणाला खिळून राहू नका, हळूहळू हिंडाफिरा, पण तीन आठवडे काहीही जड उचलू नका. काहीही! आमच्या घरी चतुर्थीला मूर्ती आणण्याचा मान बाबांचा होता. त्यांच्या आजारानंतर तो आमच्याकडे आला होता. त्या वर्षी मूर्ती आमच्या पुतण्याने आणली. माटोळीला नारळ आणि फळे बांधायला हात वर करायचे, तेही सौभाग्यवतींनी स्टुलावर उभे राहून केले. आम्ही आणि बाबा दोन खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसून हे पाहत होतो. ज्याला उचलता यावे म्हणून हा सारा खटाटोप मांडला, त्याच्या पंक्तीला आम्ही जाऊन बसलो होतो. त्या दिवसांत बाबा पुन्हा घसरले असते तर काय झाले असते, हा विचार आजही आमच्या अंगावर काटा आणतो. बाबांनी एकदा आमच्याकडे पाहून नुसते स्मित केले.

आमचे डोळे उघडले ते बाबांच्या उपचारांमुळे. त्यांना व्यायाम शिकवायला भौतिकोपचार जाणणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा घरी येत. पूर्वी आम्ही त्या वेळी व्यायामशाळेत असायचो. आता सक्तीने घरी होतो, म्हणून पाहू लागलो. बाबांनी खुर्चीवरून उठायचे आणि पुन्हा बसायचे, एका वेळी पाचदा. ते जमू लागले की सहा. पायाला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करायचा. मधला एक दिवस विश्रांती. एका शेजाऱ्यांनी आणखी चार व्यायाम सुचवले होते; त्यांची यादी आम्ही बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती वाचली आणि शांतपणे विचारले, "यांतला एखादा वाढवता येईल. पण मग सध्याच्यांतला कोणता कमी करू या?"

बी. ए. च्या वर्गात आम्ही अनेक मोठ्या ग्रंथांतली मोठी वाक्ये टिपून ठेवली; परंतु या एका प्रश्नाइतका उपयोग त्यांपैकी एकाचाही झाला नसेल.

बाबांचा तो क्रम आणि व्यायामशाळेतला आमचा क्रम हे सख्खे भाऊ आहेत, हेही तेव्हाच ध्यानात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म हे अमेरिकन सैन्यातले डॉक्टर जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांवर उपचार करीत होते. रोग्याला हलके काम पुष्कळ वेळा करायला लावण्याची रीत तेव्हा रूढ होती. डिलॉर्म यांनी जड वजन थोड्या वेळा आणि क्रमाक्रमाने वाढवत देऊन पाहिले आणि १९४५ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी तीन सेटांची पद्धत बसवली: दहा वेळा जेमतेम उचलता येईल असे वजन शोधायचे, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने आणि तिसरा पूर्ण वजनाने. आज व्यायामशाळांत जे 'दहाचे तीन सेट' सर्रास चालतात त्यांचे एक मूळ या रुग्णालयात आहे. शरीर वाढते ते भाराने जाग येऊन आणि विश्रांतीत सावरून. भार ही मागणी. अन्न, झोप आणि मोकळा दिवस हा पुरवठा. हंस सेल्ये या शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर कसे उत्तर देते याचे जे वर्णन केले त्यात पहिली पायरी धक्क्याची, दुसरी प्रतिकाराची आणि ताण संपलाच नाही तर तिसरी गलितगात्र होण्याची. आम्ही तीनही पायऱ्या पाच आठवड्यांत पार केल्या होत्या!

मग आम्ही आमच्या चौघा गुरूंकडे नव्या नजरेने पाहिले. चौघांनीही आम्हांला फसवले नव्हते. प्रत्येकाच्या क्रमात त्याची स्वतःची विश्रांती दडलेली होती आणि चार क्रम एकत्र करताना आम्ही नेमकी तीच पुसून टाकली होती. पाच-पाचांच्या क्रमात मंगळवार, गुरुवार मोकळा होता; तेथे आम्ही छाती आणि पाठ भरली. माजी विद्यार्थ्याच्या क्रमात पायांना एक दिवस राबवून सहा दिवस मोकळे सोडले होते. तेथे आम्ही उच्चांक भरला. वस्तादांच्या शंभर बैठका बिनवजनाच्या होत्या आणि त्या करणाऱ्याने दुसरे काही करावे अशी त्यांची अपेक्षा नव्हती. राहिले बल्गेरियन. त्यांचा तो पेशा होता. व्यायाम, जेवण आणि झोप याखेरीज त्यांना दुसरा तास नव्हता, आणि हजारोंतून निवडलेले ते वीर होते. शिवाय त्या वैभवाची दुसरी बाजूही आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन सुवर्णपदक विजेत्यांच्या तपासणीत निषिद्ध द्रव्य सापडले, पदके काढून घेण्यात आली आणि बल्गेरियाचा भारोत्तोलन-संघ स्पर्धेतून माघारी गेला. आमच्या गृहपाठाच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात तो क्रम घुसवणे म्हणजे सायकलीला आगगाडीचे डबे जोडण्यासारखे होते.

म्हणून निरनिराळे क्रम एकत्र करूच नयेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. आज आमचा जो क्रम चालू आहे तोही मिश्रच आहे. फक्त त्यात एक यजमान आहे आणि बाकीचे पाहुणे आहेत. यजमान पाच-पाचांचा. स्टार यांच्या ग्रंथातली एक खुबी आम्ही पूर्वी दुर्लक्षिली होती, ती आता पाळतो: सोमवारी जड, बुधवारी हलके, शुक्रवारी मध्यम. बुधवारचे वजन सोमवारच्या सुमारे चार-पंचमांश, शुक्रवारचे सुमारे नऊ-दशांश. वाढ होते ती आठवड्यातून एकदाच, अडीच किलोंची. वस्तादांकडून आम्ही आरंभी अंग गरम करण्यापुरते बारा सूर्यनमस्कार आणि वीस बैठका घेतल्या. माजी विद्यार्थ्याकडून शुक्रवारच्या शेवटी दंड आणि खांदे यांचे दोन हलके प्रकार घेतले. बाही भरायची तेव्हा भरेल. बल्गेरियनांकडून उच्चांक घेतला नाही. थोडेच प्रकार निवडून ते पुनःपुन्हा घोटावेत, एवढी शिस्त घेतली. जिम वेंडलर या अमेरिकन पॉवरलिफ्टरने २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीतला एक संयमही उचलला. आपल्या खऱ्या उच्चांकाच्या नव्वद टक्के हाच उच्चांक धरून सारे हिशेब करायचे, म्हणजे वाईट दिवसासाठी पदरी काही शिल्लक राहते. आणि दर चौथ्या आठवड्यात सेट निम्मे. नवे काही वाढवण्यापूर्वी बाईंचा प्रश्न स्वतःला विचारतो. उत्तर नसेल तर वाढवत नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेकांना सांगलीच्या संकेत सरगरचे नाव ठाऊक असेल. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत पंचावन्न किलो वजनगटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे २४८ किलो उचलले आणि रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. कोपराला दुखापत झाली असतानाही तो अखेरच्या प्रयत्नासाठी पुढे आला. भारोत्तोलनाच्या स्पर्धेत खेळाडूला एकूण सहाच प्रयत्न मिळतात, तीन एका प्रकाराचे आणि तीन दुसऱ्याचे. त्या सहा क्षणांमागे किती वर्षांचे मोजूनमापून वाढवलेले श्रम असतात, याचा विचार करा. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आज एका वीराचा क्रम पाहायचा, उद्या दुसऱ्याचा, आणि परवा दोन्ही जोडायचे, हा मार्ग आम्ही चालून पाहिला आहे. तुम्हांला व्यायामशाळेत जायचे असेल तर अवश्य जा. पण एका जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली जा आणि आरंभी रिकामा बार उचलायला लाजू नका. हीच गोष्ट अभ्यासाचीही आहे. शाळा, दोन शिकवण्या, तीन मार्गदर्शके आणि चार सरावपुस्तिका एकत्र बांधून दहावीच्या वर्षाला भिडणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. फेब्रुवारीत त्यांचे डोळे आम्हांला आमच्या पाचव्या आठवड्याची आठवण करून देतात.

आता शेवटचे सांगायचे ते बाबांविषयी. कमर बरी झाल्यावर आम्ही पुन्हा वीस किलोंपासून आरंभ केला. नऊ महिन्यांत एकदोनदा मागे यावे लागले. तरी जून उजाडला तेव्हा आम्ही ऐंशी किलोंचे पाच सेट करीत होतो. आणि त्याच जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या एका पहाटे, पलंगावरून उठताना बाबांचा तोल गेला आणि ते जमिनीवर बसले.

आम्ही धावलो, पण या वेळी त्यांना ओढले नाही. शेजारी गुडघ्यांवर बसलो. कोठे दुखते आहे का, डोके आपटले का, हे विचारले. दोन मिनिटे त्यांना श्वास घेऊ दिला. मग बाईंनी शिकवले होते त्याप्रमाणे एक भक्कम खुर्ची आणून त्यांच्यासमोर ठेवली. ते उजव्या कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले, उजवा हात त्यांनी खुर्चीवर टेकला. आम्ही मागून त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी धरले, पाठ सरळ ठेवली, पाय रोवले आणि तीन आकडे मोजले. बार उचलताना लोखंड मुकाट असते. माणूस मात्र उठताना आपले बळ आपल्या बळात मिळवतो, हे त्या क्षणी हातांना कळले. चौसष्ट किलोंपैकी आमच्या वाट्याला किती आले कोण जाणे. निम्मे आले असतील. उरलेले त्यांनी स्वतः उचलले. वर्षभर खुर्चीवरून उठबस करून कमावलेल्या त्यांच्या उजव्या पायाने उचलले.

ते खुर्चीवर बसले. आम्ही घामाघूम झालो होतो, आणि तो घाम वजनाचा नव्हता. बाबांनी थोडा चहा मागितला. तो घेऊन झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला, खुर्चीच्या हातावर उजवा हात टेकला आणि नेहमीच्या व्यायामाला लागले. आम्ही नको म्हणत होतो. त्यांनी ऐकले नाही. पण घाईही केली नाही. गेल्या वर्षी हा आकडा पाच होता.

"म्हजे चवदा जाले," खाली बसून दम घेत ते म्हणाले. "तुजे?"

त्या दिवशी मंगळवार होता. आमच्या कागदावर मंगळवारची चौकट रिकामी आहे, असे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली.